ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलात? खोलीसोबत मनाचीही सोय बघा

खोली मिळाली, डबा लागला, लोकलचा पास निघाला की आपण घरी कळवतो, "बस्तान बसलं." माझ्या मते खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. मी परभणी जिल्ह्यातून आधी घणसोलीत आले, पुढे ऐरोलीत स्थिरावले. आता गावाकडून येणारी पोरं-पोरी पहिल्यांदा आमच्याच घरी उतरतात. भाडं, ब्रोकर, कागदपत्रं याबद्दल त्यांना दहा जण सल्ले देतात. मन कसं सांभाळायचं हे सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी फोनबद्दल. रात्री आई विचारते, "जेवलास का? कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं असतं: "मजेत." कामावरून कमी केलेलं असतं, पगार थकलेला असतो, अंगात ताप असतो, तरी "मजेत". आईला घोर नको म्हणून बोललेलं हे खोटं मायेतूनच येतं, हे मला कळतं. पण ते टिकवायला दुसऱ्या दिवशी आणखी एक बोलावं लागतं. काही आठवड्यांत अशी वेळ येते की ज्यांच्याशी मोकळं व्हायचं, त्यांचाच फोन घ्यावासा वाटत नाही. इथे खचलेली जी मुलं मी जवळून पाहिली, त्यांच्या अडचणी निरनिराळ्या होत्या, पण हा धागा सगळीकडे होता.

म्हणून आल्या आठवड्यातच ठरवा: घरच्या एका माणसाशी खोटं बोलायचं नाही. आई-वडील नकोत तर थोरली बहीण, मामा, चुलतभाऊ चालेल. आणि वाईट बातमी देताना पुढचं पाऊलही सांगा. "नोकरी गेली. दोन महिने निघतील एवढे पैसे आहेत. सोमवारपासून महापे-रबाळेत चौकशी सुरू करतोय." घरच्यांना यातून धीर मिळतोच, पण बोलता बोलता तुमच्या डोक्यातला गुंताही सुटतो. संकट शब्दांत मांडलं की त्याला हद्द पडते.

सकारात्मक राहायचं म्हणजे "सगळं छान होईल" असं घोकायचं, असा समज आहे. त्याने उपयोग होत नाही, कारण आपल्या मनाला ते पटत नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिची वाट मला जास्त खरी वाटते. "या महिन्यात नोकरी मिळालीच पाहिजे, नाही तर मी कुचकामी" ही मनाने धरलेली सक्ती झाली. "नोकरी मिळावी असं मला फार वाटतं, नाही मिळाली तर हाल होतील, पण म्हणून मी कुचकामी ठरत नाही" ही इच्छा. परिस्थिती दोन्हीकडे तीच. पहिल्या वाक्याने हातपाय गळतात. दुसऱ्याने वाईट वाटतं, पण माणूस अर्ज भरायला उठतो. आपलं "पाहिजेच" कुठे दडलंय ते वहीत लिहून काढा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे हा विचार मराठी घरांत बराच पोचला आहे.

पैशाचा हिशेब हासुद्धा मनाचाच भाग समजा. अकरा महिन्यांचा करार करताना दिलेलं डिपॉझिट शिलकीत धरू नका, ते अडकलेले पैसे आहेत. भाडं, डबा, पास आणि घरी पाठवायची रक्कम मिळून हातातल्या पैशांत किती महिने निघतील, तो आकडा कागदावर हवा. आकडा लहान असला तरी अंदाजाच्या भीतीपेक्षा बरा. मोबाईलवर मिळणारं झटपट कर्ज मात्र घेऊ नका. वसुलीच्या फोनांनी झोप उडालेली मुलं मी पाहिली आहेत.

माणसं जोडायची ती संकट येण्याआधी. साताऱ्या-कोकणातून गिरणीत आलेले कामगार गिरणगावात गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे. हाल होतेच, पण आजारी पडलेला माणूस एकटा पडत नसे. तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांच्या वस्तीत, कोपरखैरण्याकडे, ती रीत अजून दिसते: गावाचं मंडळ, वर्गणी, अडल्याला हात. तुम्ही आयटीत असा नाहीतर गोदामात, आपल्या तालुक्याचं मंडळ शोधा, निदान शेजारच्या काकूंना नावाने ओळखा. पीजीमध्ये चार जण एका खोलीत राहूनही एकमेकांचं आडनाव माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला पावसाळा जड जातो. गाड्या रखडतात, कपडे वाळत नाहीत, खोलीला ओल येते आणि गावाची आठवण येते. तेव्हा झोपेची आणि जेवणाची वेळ मोडू देऊ नका. मूड येईल मग बाहेर पडू, असं म्हणत बसू नका. आधी बाहेर पडा. ठाण्यात तलावपाळीची फेरी, उपवन तलाव, ऐरोलीकरांना खाडीकाठ, थंडीत नेरूळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर उतरणारे रोहित पक्षी: यातल्या कशालाच तिकीट नाही. वाचनाची गोडी असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, तिथे सभासद व्हा.

एवढं करूनही दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो मनाचा दुबळेपणा समजू नका, मदत घ्या. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासूनचं. त्याच्या नावाची चेष्टा ऐकून बिचकू नका, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून घरी परतता येतं. हे सगळं रूममेटच्या बाबतीत दिसलं तर सुट्टी काढून स्वतः त्याच्यासोबत जा. आधार कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि केसपेपरच्या रांगेत त्याच्याऐवजी तुम्ही उभे राहा. अशा दिवसांत त्याच्या अंगात तेवढंही त्राण नसतं.