चिनी माती पाण्यातले तांबे किती धरते? करून पाहा

'माती जड धातू शोषून घेते' हे विधान सरसकट खरे नाही. माती कोणती आणि पाणी किती आम्ल, यावर सगळे ठरते. केओलिनाइट म्हणजे पांढऱ्या चिनी मातीतले मुख्य खनिज. ते फुगत नाही, त्यामुळे प्रयोगाला सोयीचे. शिसे, कॅडमियम यांच्या वाटेला घरी जाऊ नका. मोरचुदातले तांबे पुरेसे आहे.

तयारी. केओलिन (चिनी माती) पावडर, मोरचूद, पांढरे व्हिनेगर, सौम्य अमोनिया, पीएच पट्ट्या (पीएच म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके पाणी आम्ल), गाळणकागद, डिस्टिल्ड पाणी आणि झाकणाच्या तीन बाटल्या. हातमोजे, गॉगल हवेतच. स्वयंपाकाची भांडी अजिबात घेऊ नका.

१. एक लिटर पाण्यात ०.८ ग्रॅम मोरचूद विरघळवा. मोरचुदाच्या वजनात साधारण चौथा हिस्सा तांबे असते, म्हणजे लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम तांबे झाले.

२. प्रत्येक बाटलीत हे द्रावण १०० मिली घ्या. पहिलीत माती नाही. दुसरी आणि तिसरीत १०-१० ग्रॅम केओलिन. तिसरीत शिवाय १० मिली व्हिनेगर, आणि बाकीच्या दोन्हींत तेवढेच साधे डिस्टिल्ड पाणी. नाहीतर द्रावण पातळ झाल्याचे श्रेय मातीला जाईल. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळायचा मोह टाळा, कारण लिंबातले सायट्रेट तांब्याला स्वतःच बांधून ठेवते.

३. तासभर अधूनमधून हलवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. केओलिनचे कण इतके बारीक असतात की घाईने गाळले तर गढूळ पाणीच खाली येते. वरची निवळ हळूच ओतून गाळा, मग पीएच मोजा. दुसऱ्या बाटलीत तो ६ च्या वर गेला असेल तर निकाल बाद समजा: तिथे तांबे हायड्रॉक्साइड होऊन आपोआपही खाली बसते. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते.

४. तीन सारख्या, अरुंद नळ्यांत २०-२० मिली निवळ घ्या. हवेशीर जागी प्रत्येकीत ५ मिली अमोनिया घाला. तांबे असेल तर गडद निळा रंग येतो. नळ्या पांढऱ्या कागदावर उभ्या धरून वरून पाहा; बाजूने पाहिल्यास फिका रंग निसटतो. दुसरी नळी पहिलीपेक्षा फिकी दिसायला हवी, तिसरी पहिलीच्या जवळपास.

असे का? केओलिनाइटचा एक थर सिलिकाचा एक आणि ॲल्युमिनाचा एक असे दोन पत्रे जुळून बनतो. जाडी जेमतेम ०.७ नॅनोमीटर. हे थर हायड्रोजन बंधांनी घट्ट चिकटलेले, त्यामुळे धातूचे आयन (विद्युतभारित कण) आत शिरत नाहीत. जागा उरते ती मुख्यतः कडांवरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांपाशी. पाणी आम्ल झाले की त्या जागा हायड्रोजन आयन अडवतात. मुळात जागाच थोड्या, म्हणूनच १०० ग्रॅम केओलिनाइटची आयन-विनिमय क्षमता (किती आयन धरता येतात त्याचे माप) साधारण ३ ते १५ मिलीइक्विव्हॅलंट, तर मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या मातीच्या खनिजाची ८० च्याही पुढे.

५. दुसऱ्या बाटलीतल्या गाळावर थोडे व्हिनेगर ओता, हलवा, निवळू द्या आणि पुन्हा अमोनियाची चाचणी करा. निळा रंग परत आला तर मातीने धरलेले तांबे सुटले. माझ्या मते हा भाग सर्वात महत्त्वाचा: दूषित जमिनीत केओलिन मिसळून पुढे तिथले पाणी आम्ल झाले, तर अडवलेला धातू पुन्हा मोकळा होऊ शकतो. पिण्याचे पाणी शुद्ध करायला तर ही पद्धत मुळीच नाही.

उरलेली द्रावणे आणि माती मोरीत ओतू नका. तांबे माशांना घातक असते. सगळे लेबल लावलेल्या बाटलीत साठवा आणि रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्या प्रयोगशाळेकडे किंवा केंद्राकडे द्या.