आधी रात्रीचा मुक्काम ठरवा, मग शिडं उघडा

किनाऱ्याकिनाऱ्याने बोट घेऊन फिरायला लागलेले बरेच जण आधी विचारतात की शिडं कशी ट्रिम करायची (म्हणजे वाऱ्याप्रमाणे ताणायची-सैल करायची), चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा, म्हणजे चार्ट, आणि त्यावर बोटीची जागा दाखवणारा स्क्रीन) कुठला घ्यायचा. ते येतंच हळूहळू. माझ्या मते पहिल्या सीझनला जीव लावून शिकायची गोष्ट एकच, रात्री नांगर कुठे टाकायचा आणि तिथे पहाटेपर्यंत वारा कुठून येणार. मी सगळा प्लॅन मुक्कामापासून उलटा करत येतो.

समजा आत्ता वारा उत्तरेचा आहे आणि उत्तरेला डोंगर असलेली मस्त शांत खाडी दिसतेय, तर कोणालाही वाटणार की इथेच थांबू. पण मध्यरात्रीनंतर वारा दक्षिणेला फिरणार असेल तर तीच खाडी सापळा होते, लाटा सरळ आत येतात, वारा बोटीला किनाऱ्याकडे ढकलतो आणि अंधारात तुम्हाला तिथून बाहेर पडायचं असतं. म्हणून जागा रात्रीच्या वाऱ्यासाठी निवडायची, संध्याकाळच्या नाही.

सोबत स्वेलचा, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटांचा, पीरियड (दोन लाटांमधलं सेकंदांचं अंतर) बघा, नवीन लोक तो वाचतच नाहीत. 12-14 सेकंदांचा लांब स्वेल भूशिराला वळसा घालून आत शिरतो आणि वारा पडलेला असला तरी बोट रात्रभर डुलत राहते, कोणालाच झोप नाही, आणि न झोपलेला क्रू दुसऱ्या दिवशी चुकीचे निर्णय घेतो.

फोरकास्टसाठी मी जीएफएस (अमेरिकेचं) आणि ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचं) ही दोन्ही हवामान मॉडेल्स शेजारी ठेवून बघतो, जुळत असतील तर भरवसा, नसतील तर त्यातलं जे वाईट ते धरून चालायचं. ॲपवर दिसतो तो सरासरी वारा, झोत त्याच्यापेक्षा 40 टक्के जास्तही असू शकतो. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 10 नॉट्सचे (1 नॉट म्हणजे तासाला 1 सागरी मैल) 20 झाले की बोटीवरचा ताण दुप्पट नाही, चौपट. शिवाय जागतिक मॉडेलला छोटं भूशीर, दरी दिसत नाही, तिथून खाली येणारे झोत तुम्हाला चार्टवरच्या डोंगराच्या रेषा बघून ओळखावे लागतात.

आता साखळी, आणि हे नीट वाचा कारण नांगर घसरण्याचं मोठं कारण हेच. नांगर टाकताना खोली 4 मीटर आहे, भरतीला पाणी अजून 2 मीटर चढणार, आणि बोटीचं नाक पाण्यापासून 1 मीटर वर, तर हिशोब 7 मीटरचा. पाचपट म्हणजे 35 मीटर साखळी, वारा वाढणार असेल तर सातपट. नुसती 4 मीटर खोली धरून 20 मीटर सोडली तर भरतीला ती तीनपटसुद्धा उरत नाही, साखळी वर ओढली जाते आणि नांगर उपटून निघतो. आणि पाणी सारखं चढत नाही हेही लक्षात ठेवा, सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांत साधारण निम्मं पाणी येतं. उधाणाला तर अजूनच सावध.

टाकताना वाऱ्याकडे तोंड करून बोट पूर्ण थांबवा, नांगर तळाला टेकवा, मग बोट मागे सरकेल तशी साखळी सोडा, ढीग करू नका. शेवटी इंजिन हळूहळू रिव्हर्सला घेऊन ताण द्या आणि रोलरच्या (नाकावरचं चाक, ज्यावरून साखळी खाली जाते) पुढे साखळीवर तळहात ठेवा. नांगर खालून घसरत असेल तर हाताला खरखर, हिसके जाणवतात, रुतला असेल तर साखळी ताठ आणि गप्प. मला ॲपच्या अलार्मपेक्षा ह्या हातावर जास्त विश्वास आहे. त्याच वेळी बाजूला किनाऱ्यावरचा एक खडक आणि त्याच्या मागचं झाड एका रेषेत धरा, रेषा सुटायला लागली की उचलून परत टाका, दमलो म्हणून सोडून देऊ नका. वाळू आणि चिखल चांगले धरतात, गवत आणि खडकाचा तळ टाळा.

पोचायचं उजेडात. 5 नॉट्सने 30 सागरी मैल म्हणजे 6 तास, त्यावर वारा पडला तर म्हणून दोन तास ठेवा, आणि वाटेत दुसऱ्या दिशेच्या वाऱ्याला चालेल अशी एक पर्यायी जागा चार्टवर आधीच मार्क करा. झोपायच्या आधी बाहेर पडायचा ट्रॅक प्लॉटरवर सेव्ह करा आणि वारा कुठल्या दिशेला किती फिरला की निघायचं हे क्रूला उजेड असतानाच सांगून ठेवा.