नवा कॅमेरा येतोय: थांबायचं की घ्यायचं, हे कसं ठरवायचं

नव्या मॉडेलची चाहूल लागली की दोन प्रश्न डोकं खातात. आज घेतला आणि दोन महिन्यांत नवा आला तर? आणि वाट पाहिली, पण आलेला कॅमेरा अपेक्षेइतका निघाला नाही तर? अफवा वाचून ही घालमेल कमी होत नाही, उलट वाढते. त्याऐवजी आपल्या फोटोंमध्ये नेमकं काय बिघडतंय ते मोजा आणि नव्या कॅमेऱ्याचा कोणता आकडा ते सुधारणार आहे ते शोधा. असा आकडा सापडला तर खुशाल थांबा. नाही सापडला, तर थांबून हाती काही लागणार नाही.

टाकून दिलेले फोटो मोजा

फसलेले दोनशे फोटो गोळा करा, शंभर टक्क्यांवर उघडा आणि त्यांचे सहा गट पाडा: फोकस चुकला, विषय हलला, हात हलला, नॉइज (फोटोतला रवाळपणा) जास्त आला, उजेडाचा भाग पांढराफटक पडला, क्षण निसटला. गट पाडताना घाई करू नका. विषय हलला की हात हलला, हे ओळखायला मागची भिंत किंवा जमीन पाहा. भिंतही पुसट असेल तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर विषय हलला.

सगळ्यात मोठा गट ‘विषय हलला’ हा निघाला, तर नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) त्यात फारसं काही करू शकत नाही. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर रोखणारी सोय) कितीही स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) असलं तरी ते हात सावरतं, नाचणारं मूल थांबवत नाही. तिथे शटर स्पीड १/६० ऐवजी १/२५० सेकंद लागतो, म्हणजे दोन स्टॉप जास्त उजेड. एफ/२.८ ऐवजी एफ/१.४ ची, म्हणजे मोठ्या अपर्चरची (छिद्राची), लेन्स लावली की ते दोन स्टॉप मिळतात. तेव्हा पैसे लेन्सवर घाला.

नॉइजचा गट मोठा असेल तरी अपेक्षा बेताची ठेवा. एकाच आकाराच्या सेन्सरमध्ये एका पिढीतून पुढच्या पिढीत जाताना जास्त आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता वाढवल्यावर) मिळणारा फायदा अलीकडे अगदी थोडा असतो. खरी उडी सेन्सरचा आकार बदलल्यावर मिळते. एपीएस-सी या लहान सेन्सरवरून फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवर गेलात तर क्षेत्रफळ सुमारे २.२५ पट होतं, म्हणजे त्याच अपर्चरला एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त फायदा.

फोकस चुकण्याचं आणि क्षण निसटण्याचं प्रमाण जास्त असेल, तर मात्र नव्या कॅमेऱ्याची वाट पाहण्याला आधार आहे. डोळा, पक्षी, वाहन ओळखून त्यावर टिकून राहणारा ऑटोफोकस आणि शटर दाबण्याआधीचे फोटोही साठवणारा प्री-कॅप्चर, या दोन्ही बाबतींत मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांची खरोखरच मोठी प्रगती झाली आहे. फक्त फोकस नक्की कुठे चुकलाय ते आधी बघा. डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) दर वेळी थोडा पुढे किंवा थोडा मागेच बसत असेल, तर तो लेन्स आणि बॉडीच्या जुळणीचा दोष असतो आणि मेनूतल्या ऑटोफोकस फाइन-ट्यूनने दुरुस्त होतो.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात: २४ वरून ४५ वर गेलात तर आकडा जवळजवळ दुप्पट होतो, पण रुंदी ६००० पिक्सेलवरून साधारण ८२५० वर जाते. प्रत्यक्ष वाढ ३७ टक्के. खूप क्रॉप करत असाल किंवा मोठे प्रिंट काढत असाल तरच ती जाणवेल.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा बहुतेकदा छापलेलाच नसतो

येणाऱ्या मॉडेलबद्दलच्या बऱ्याचशा आशा आणि बरीचशी धास्ती एकाच गोष्टीभोवती फिरते: सेन्सर किती वेगाने वाचला जातो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लागणारा वेळ म्हणजे रीडआउट. शटर स्पीड १/८००० ठेवला तरी हा वेळ बदलत नाही, आणि इथेच गफलत होते. फोटो कडक, धारदार येतो, पण वाकडा येतो.

हिशोब करून पाहा. एक बस फ्रेमची पूर्ण रुंदी एका सेकंदात पार करते आणि फ्रेम ६००० पिक्सेल रुंद आहे. रीडआउट १/१५ सेकंद असेल, तर पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची वाचेपर्यंत बस ४०० पिक्सेल पुढे सरकलेली असते. खिडक्यांच्या उभ्या चौकटी तिरक्या होतात. रीडआउट १/२७० असेल तर हेच सरकणं २२ पिक्सेलवर येतं आणि डोळ्याला दिसतही नाही. सोनी ए७ फोर हा साधारण पहिल्या प्रकारातला, निकॉन झेड९ दुसऱ्या. म्हणूनच झेड९ मध्ये २०२१ साली यांत्रिक शटर काढून टाकता आलं.

कंपनी हा आकडा सहसा देत नाही, पण कॅमेरा पाच मिनिटं हातात मिळाला तरी तो काढता येतो. विजेच्या पुरवठ्याबरोबर लुकलुकणारा एलईडी दिवा किंवा जुनी ट्यूबलाइट शोधा. इलेक्ट्रॉनिक शटर लावा, शटर स्पीड १/२००० किंवा त्याहून जलद ठेवा, आयएसओ वाढवा आणि त्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीने फ्रेम भरून फोटो काढा. भिंतीवर काळे-उजळ आडवे पट्टे दिसतील. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत १/१०० सेकंद. वरपासून खालपर्यंत साडेसहा पट्टे मोजलेत तर रीडआउट ६५ मिलिसेकंद, म्हणजे १/१५ च्या आसपास. पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तर पट्ट्यांची संख्या १०० ऐवजी १२० ने भागा. पट्टे दिसलेच नाहीत तर दोन शक्यता: दिवा चांगल्या ड्रायव्हरचा असल्याने लुकलुकत नाही, किंवा सेन्सर इतका वेगवान आहे की एक पट्टाही पूर्ण मावत नाही. आपल्या जुन्या कॅमेऱ्याने तोच फोटो काढा, लगेच उलगडा होईल.

हा वेग फुकट मिळत नाही, आणि नव्या मॉडेलची घोषणा वाचताना हे विसरलं जातं. सोनी ए९ थ्री हा २०२३ साली जाहीर झालेला पहिला फुल फ्रेम ग्लोबल शटर कॅमेरा. त्यात सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपले जातात, वाकडेपणा शून्य, फ्लॅश कोणत्याही शटर स्पीडला. पण त्याचा मूळ (सगळ्यात कमी) आयएसओ १०० नाही, २५० आहे, आणि डायनॅमिक रेंज (एकाच फोटोत मावणारा उजेड-काळोखाचा पल्ला) थोडी कमी. २०२४ च्या निकॉन झेड६ थ्री मध्ये अंशतः स्टॅक्ड सेन्सर (वाचनाचा वेग वाढवणारी थरांची रचना) आला, रीडआउट आधीच्या मॉडेलपेक्षा कितीतरी सुधारला, आणि मूळ आयएसओवर काळोखा भाग फार उचलला तर नॉइज थोडा वाढला. खेळ, पक्षी, लग्नातली धावपळ टिपणाऱ्याने हा सौदा आनंदाने करावा. पहाटेचे डोंगर ट्रायपॉडवर टिपणाऱ्याने हाच आकडा पाहून जुन्या मॉडेलकडे वळावं. एकाची आशा दुसऱ्याची धास्ती असते ती अशी.

काळोखा भाग किती उचलता येतो हेही तपासता येतं. ट्रायपॉड लावा, मूळ आयएसओवर योग्य एक्सपोजरचा एक फोटो घ्या, मग फक्त शटर स्पीड बदलून पाच स्टॉप कमी उजेडाचा दुसरा घ्या (१/३० असेल तर १/१०००). रॉ फाइलमध्ये (सेन्सरकडून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) दुसरा फोटो पाच स्टॉप उजळा आणि दोन्ही शेजारी ठेवा. हिरवट-जांभळी झाक किंवा आडव्या रेषा दिसल्या तर सेन्सरची मर्यादा तिथे आली. ही चाचणी यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक, दोन्ही शटरवर करा. निकाल वेगळे येऊ शकतात.

घोषणा झाली की तळटीपा आधी वाचा

घोषणेआधीच्या माहितीत सगळ्यात ठोस असते ती वायरलेस प्रमाणपत्राची नोंद, कारण वाय-फाय असलेलं उपकरण विकण्याआधी ती करावीच लागते. तिच्यातून मॉडेलचा सांकेतिक क्रमांक कळतो. मेगापिक्सेल किंवा वेग कळत नाही. बाकीचे आकडे दहा ठिकाणी सारखे दिसले तरी उगम बहुधा एकच असतो.

अधिकृत माहितीपत्रक आलं की मोठ्या अक्षरातल्या प्रत्येक आकड्यामागची अट शोधा.

सेकंदाला किती फोटो: कोणत्या शटरवर, कोणत्या फाइल प्रकारात? सोनी ए७ फोरचे सेकंदाला १० फोटो फक्त कॉम्प्रेस्ड रॉमध्ये मिळतात. लॉसलेसमध्ये (माहिती न गमावणाऱ्या प्रकारात) वेग बराच खाली येतो. कॅनन आर६ मार्क टूचे ४० इलेक्ट्रॉनिक शटरवर मिळतात आणि तेव्हा रॉ १४ ऐवजी १२ बिटची होते.

अंधारातला फोकस: आर६ मार्क टूचा उणे ६.५ ईव्ही (उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार) हा आकडा एफ/१.२ च्या लेन्सवरचा आहे. तुमची लेन्स एफ/४ असेल तर सेन्सरवर साडेतीन स्टॉप कमी उजेड पोहोचतो. दुसरी कंपनी हाच आकडा एफ/२ वर देत असेल, तर दोन्हींची थेट तुलना करू नका.

व्हिडिओ: रेकॉर्डिंगची मर्यादा कोणत्या तापमानाला? २०२० मध्ये कॅनन आर५ आला तेव्हा ८के साठी सुमारे २० मिनिटांची मर्यादा कंपनीने स्वतःच जाहीर केली होती, तीही २३ अंश सेल्सिअसला. उन्हात तेवढाही वेळ मिळत नाही. शिवाय मधल्या काळात काढलेले फोटोही उष्णता वाढवतात. म्हणून ‘किती मिनिटं’ याच्या जोडीला ‘थंड होऊन पुन्हा किती मिनिटं’ हेही शोधा.

कार्ड, बॅटरी, रॉ: खर्च इथे लपलेला असतो

४५ मेगापिक्सेलची लॉसलेस रॉ फाइल ५० एमबीच्या आसपास धरा. सेकंदाला २० फोटो म्हणजे सेकंदाला १००० एमबी. यूएचएस-२ एसडी कार्डाचा कमाल वेग सेकंदाला ३१२ एमबी, आणि कार्डावरच्या व्ही९० खुणेची हमी फक्त सेकंदाला ९० एमबीची. म्हणजे बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरला की कॅमेरा रखडणारच, आणि सलग काढलेल्या १०० फोटोंचा बर्स्ट रिकामा व्हायला सगळ्यात चांगल्या परिस्थितीतही १६ सेकंद लागतील. अशा कॅमेऱ्याला सीएफएक्स्प्रेस कार्ड हवं. त्यातही टाइप ए आणि टाइप बी आकाराने वेगळे असतात, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. कार्डाच्या वेष्टनावरचा मोठा आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो. तुम्हाला सलग लिहिण्याचा किमान वेग पाहायचा आहे.

जुनी बॅटरी ‘बसते’ म्हणजे ‘पूर्ण चालते’ असं नाही. कॅनन आर५ मार्क टूमध्ये आधीच्या एलपी-ई६एनएच बॅटऱ्या बसतात, पण काही सुविधा नव्या एलपी-ई६पी शिवाय मिळत नाहीत. सुसंगततेचा तक्ता वाचल्याशिवाय जुन्या बॅटऱ्यांचा हिशोब धरू नका.

रॉ फाइल उघडणारं सॉफ्टवेअर नव्या मॉडेलला ओळखायला काही आठवडे घेऊ शकतं. त्याची जुनी आवृत्ती वापरत असाल तर कदाचित कधीच ओळखणार नाही. कामाच्या शूटच्या आदल्या दिवशी नवी बॉडी हातात घेणाऱ्यांची इथे फजिती होते. तोवर कंपनीचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून ठेवा.

पहिल्या खेपेतला कॅमेरा आला तर

पहिल्या खेपेची भीती निराधार नाही. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर, विशेषतः फोटोच्या वरच्या डाव्या भागात, ठिपके जमत. पुढे कंपनीने शटर मोफत बदलून दिलं. त्याच वर्षीच्या कॅनन ५डी मार्क थ्रीमध्ये गडद अंधारात वरच्या डिस्प्लेचा दिवा लावला की एक्सपोजरचं माप बदलत असे. दोन्ही दोष दुकानात पाच मिनिटं हाताळून कळण्यासारखे नव्हते. म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत कॅमेरा मनापासून राबवा.

ठिपक्यांसाठी अपर्चर एफ/१६, आयएसओ सगळ्यात कमी, फोकस मुद्दाम घालवलेला, समोर कोरं आकाश. फोटो उघडून कॉन्ट्रास्ट वाढवा. मग यांत्रिक शटरवर चारपाचशे फोटो काढा, लेन्स न काढता, आणि पुन्हा तोच फोटो घ्या. लेन्स काढलीच नाही आणि तरीही नवे ठिपके आले, तर ते आतून येताहेत. सेन्सर साफ करायचा झाला तर लक्षात ठेवा: फोटोत वर-डावीकडे असलेला ठिपका समोरून पाहताना सेन्सरच्या खाली-डावीकडे असतो.

त्यानंतर लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचं एक्सपोजर, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद. तुरळक रंगीत ठिपके सर्वांतच असतात, ते पिक्सेल मॅपिंगने (सदोष पिक्सेल झाकण्याच्या मेनूतल्या सोयीने) जातात. मॅपिंगनंतरही जागचे न हललेले, ठळक ठिपके राहिले तर बॉडी बदलून मागा. तुमची सगळ्यात जड लेन्स लावून माउंटवर लॉक नीट बसतो का, हेही बघा.

फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने) कॅमेरा सुधारतो हे खरं आहे. झेड९ ला ८के ६०पी रॉ व्हिडिओ एप्रिल २०२२ च्या अपडेटमधून मिळाला. तरी खरेदी आज असलेल्या सुविधांवरच ठरवा, पुढे येणाऱ्या अपडेटच्या भरवशावर नको. अपडेट करताना बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट केलेलं, आणि पूर्ण होईपर्यंत कोणतंही बटण दाबायचं नाही. काही अपडेटनंतर कार्डावर साठवलेली जुनी सेटिंगची फाइल उघडत नाही, म्हणून मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मगच सुरुवात करा.