व्हिनाइल साइडिंग कापताय? दोन सूत सोडा

माझे आप्पा मिरजेचे सुतार. सांध्यात पोस्टकार्डाची कड शिरली तर ते काम त्यांच्या लेखी फुकट. त्यांच्या हाताखाली वाढलेली मी. त्यामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या साइडिंगच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, चार पट्ट्या वादळात उडाल्या तेव्हा हट्टाने स्वतःच लावायला घेतल्या, आणि सांधा असा घट्ट बसवला की बघत राहावं. तेव्हा मार्च होता. जुलैतल्या एका दुपारी त्याच भिंतीवर पापडासारखे फुगवटे आले. ह्यांनी खालून बघून विचारलं, "ही डिझाइन आहे का?"

डिझाइन नव्हती. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते उन्हात वाढतं, थंडीत आखडतं. साडेबारा फुटी पट्टीत कडाक्याची थंडी आणि कडक ऊन यांमध्ये सहज अर्ध्या इंचाचा फरक पडतो. इथली साइडिंग म्हणजे लाकडी घराला बाहेरून घातलेला रेनकोट. ती भिंतीला चिकटलेली नसते, खिळ्यांवर लटकलेली असते, आणि तिला डावी-उजवीकडे सरकायला जागा लागते. मी ती जागाच ठेवली नव्हती. म्हणून करवत हातात घ्यायच्या आधी हे माप.

कोपऱ्याच्या आणि खिडकीभोवतीच्या जे-चॅनेलच्या (इंग्रजी J च्या आकाराच्या कडपट्टीच्या) खाचेत पट्टीची टोकं लपतात. एका खाचेच्या तळापासून दुसऱ्या खाचेच्या तळापर्यंत मोजा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, कमी करा. हवा ४० फॅरनहाइटच्या खाली असेल तर तीन-तीन सूत, कारण तेव्हा पट्टी आधीच आखडलेली असते आणि पुढे जास्त वाढणार असते. ही फट बाहेरून दिसत नाही. मला मात्र ती आत आहे हे माहीत असतं, आणि पहिले काही दिवस ते खटकत राहिलं.

आता ब्लेड. सर्क्युलर सॉबरोबर (गोल पात्याच्या विजेच्या करवतीबरोबर) साधारणपणे २४ दातांचं ब्लेड येतं. ते ह्या कामाला नको. सव्वासात इंची, बारीक दातांचं प्लायवुडचं ब्लेड आणा, १४० दातांच्या आसपासचं. आणि ते उलटं बसवा. हो, उलटं. ब्लेडवरचा बाण आणि सॉच्या गार्डवरचा बाण एकमेकांच्या विरुद्ध दिसले पाहिजेत. सरळ ब्लेडचा दात व्हिनाइलमध्ये घुसून त्याला उचकटतो आणि टवके उडवतो. उलट्या ब्लेडच्या दाताची पाठ घासत जाते, त्यामुळे कड साफ येते. बदलताना बॅटरी काढा किंवा प्लग उपटा. नुसतं बटण सोडून भागणार नाही.

मी हे आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ८१ वर्षांचा माणूस खुर्चीतून उठला. "उलटं? लाकडाला लावशील तर हात जाईल." बरोबर बोलले. उलटं ब्लेड फक्त आणि फक्त व्हिनाइलला. लाकूड, प्लायवुड, अ‍ॅल्युमिनियम, कशालाही लावायचं नाही.

पट्टी हलकी आणि लवचीक असते, म्हणून नुसत्या दोन सुतारी घोड्यांवर ठेवली तर मधोमध लोंबते आणि करवत लागली की थरथरते. मी घोड्यांवर प्लायवुड टाकते, त्यावर दोन इंची फोमची इन्सुलेशनची शीट, आणि तिच्यावर पट्टी, रंगाची बाजू वर. ब्लेडची खोली इतकीच ठेवा की ते पट्टीतून जाऊन फोममध्ये जरासं उतरेल. गुण्या लावून पेन्सिलने रेघ मारा. लांब टोक कुणीतरी धरून ठेवावं. आमच्याकडे ते काम ह्यांचं, आणि त्यांना एकच सूचना असते: ओढायचं नाही, फक्त आधार द्यायचा.

गॉगल आणि कानाला संरक्षण आधी. मग सॉ पूर्ण वेगात येऊ द्या, आणि तेव्हाच पट्टीला लावा. पुढे सरकवताना घाई करू नका. लाकडात करवत थोडी रेटावी लागते, इथे रेटलंत की संपलं. सुरुवातीची जाड कड, म्हणजे खिळ्यांच्या भोकांची पट्टी, पार झाली की हात आपोआप सैल पडतो आणि वेग वाढतो. नेमकी तिथेच चीर जाते. मी स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात पाढा म्हणते. दोनाच्या पाढ्याला नऊ इंची पट्टी बरोबर पार होते, हसू नका, करून बघा.

थंडीत सगळं आणखी सावकाश. जानेवारीत मी अंगणात, हात बधिर झालेले असताना, ब्लेड सरळ ठेवूनच एक पट्टी कापायला गेले होते. आवाज काच फुटल्यासारखा आला आणि नखाएवढा तुकडा गॉगलवर आपटला. थंड व्हिनाइल ठिसूळ असतं. आता पट्ट्या आदल्या रात्री गरम तळघरात आडव्या ठेवते आणि एकेक करून बाहेर काढते.

मायटर सॉ (टेबलावर बसवलेली, वरून खाली ओढायची करवत) असेल तर आडवे काप त्यावर झटपट होतात, ब्लेड आणि आधाराचे नियम तेच. वीज बाहेरून घेताय तर जीएफसीआयच्या, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणाऱ्या, सॉकेटवरूनच घ्या, सकाळचं दव गवतावर असतं.

पण प्रत्येक कापासाठी करवत लागत नाही. खिडकीखाली पट्टी उभ्या रुंदीत कमी करायची असेल तर साध्या कटरने वरच्या बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत चिरा आणि पुढे-मागे वाकवा, सरळ रेषेत तुटते. खाचा काढायला पत्रा कापायची कात्री. सुरुवात वरच्या जाड कडेपासून करा, आणि पाती पूर्ण मिटू देऊ नका, मिटली की कड दातरते. ड्रायरच्या व्हेंटभोवतीचा गोल काप जिगसॉने (उभ्या, अरुंद पात्याच्या विजेच्या करवतीने), बारीक दातांच्या पात्याने. गोल माप व्हेंटपेक्षा चारही बाजूंनी दोन सूत मोठं घ्या. त्रिकोणी भिंतीचा उतार मोजत बसू नका. साइडिंगचा एक टाकाऊ तुकडा खालच्या पट्टीत अडकवा, दुसरा उताराच्या कडेला धरून त्याच्या धारेने पहिल्यावर रेघ मारा, आणि तो पहिला तुकडा रेघेवर कापून साचा म्हणून वापरा.

खिळे मारताना तोच हिशोब. खिळा भोकाच्या मधोमध, आणि डोकं व साइडिंग यांच्यात पाव सूत फट. इथले लोक सांगतात, डाइमचं (दहा सेंटचं) नाणं शिरेल एवढी. शेवटचा ठोका मारायचा मोह होतो, मारू नका. पट्टी बसवल्यावर हाताने डावी-उजवीकडे सरकवून बघा. सरकली तर बरोबर.

घर १९८० च्या आधीचं असेल तर थांबा. जुन्या साइडिंगखाली अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात, त्यांना करवत लावायची नाही, जाणकाराला बोलवा.

दर्शनी भिंतीला रंगाचा फरक टोचत असेल तर एक युक्ती. नवी पट्टी मागच्या भिंतीला लावा आणि मागची उन्हाने विटलेली जुनी पुढे आणा. झिप टूलने (टोकाला आकडा असलेल्या छोट्या हत्याराने) वरच्या पट्टीची कडी सोडवली की जुनी निघते.

कापलेला भुसा स्थिर विजेने कपड्यांना, गवताला, कुत्र्याला, सगळ्याला चिकटतो. व्हॅक्यूमने उचला, आणि तुकडे शेकोटीत टाकू नका, पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो.

काम संपलं की ब्लेड त्याच क्षणी काढा. मी त्यावर लाल नेलपॉलिशने फुली मारली आहे आणि ते वेगळ्या खोक्यात ठेवते. तरी दर रविवारी आप्पांचा फोन येतो, आणि प्रकृतीच्या आधी प्रश्न असतो, "फिरवलंस का ते?"