नव्या कन्सोलची (गेम खेळायच्या मशीनची) पहिली किंमत कशी ठरवावी

आधी खर्च मांडून त्यावर नफा चढवू नका. एक गिऱ्हाईक चार-पाच वर्षांत किती गेम घेईल, तिथून हिशेब सुरू करा. समजा, मशीन बनवून दुकानापर्यंत पोचवायला 450 डॉलर पडतात, दुकानदाराचे 20 आणि किंमत 399. म्हणजे नगामागे 71 डॉलर तोटा. तुमच्या ऑनलाइन स्टोअरवर 60 डॉलरचा गेम विकला गेला आणि तुमचा वाटा 30 टक्के असला, तर 18 डॉलर हाती येतात. चार गेमांत तोटा भरून निघतो. पण डिस्कवर वाटा कमी मिळतो, जुने गेम सवलतीत जातात. म्हणून सहा गेम धरा. तेवढे खपणार नसतील तर तोटा अंगावर घेऊ नका, मशीनमधलं काहीतरी काढा.

काय काढायचं? जे काढल्यावर गेम बंद पडत नाहीत ते. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन किनेक्ट कॅमेऱ्यासकट 499 डॉलरला आला, सोनीचा प्लेस्टेशन 4 मात्र 399 ला. जून 2014 मध्ये किनेक्टशिवायचं मॉडेल 399 ला आणावं लागलं, तोवर सोनी पुढे निघून गेली होती.

स्वस्त मॉडेल काढताना जास्त जपा. 2005 च्या एक्सबॉक्स 360 च्या 299 डॉलरच्या कोअर मॉडेलात हार्ड डिस्कच नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांकडे असेल असं गेम बनवणाऱ्यांना धरताच येईना. 2020 च्या प्लेस्टेशन 5 च्या डिजिटल मॉडेलात फक्त डिस्क ड्राइव्ह वगळला. शंभर डॉलर कमी, पण ते गिऱ्हाईक प्रत्येक गेम सोनीच्याच स्टोअरवरून घेणार. ही वजाबाकी फार शहाणपणाची आहे.

किंमत लवकर उतरवावी लागली, तर आधी घेतलेल्यांना काय द्यायचं हेही आताच लिहून ठेवा. निन्टेन्डो 3डीएस 2011 मध्ये अमेरिकेत मार्चला 249.99 डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये 169.99 वर उतरला; जुन्या गिऱ्हाइकांना 20 गेम फुकट द्यावे लागले.

देशागणिक किंमत ठरवताना नुसता डॉलरचा दर लावू नका. अमेरिकेत विक्रीकर वरून लागतो, आपल्याकडे एमआरपीत सगळे कर आलेले असतात. शिवाय एखाद्या देशात मुद्दाम स्वस्त विकलात, तर माल तिथून बाहेर जाईल. 2025 मध्ये निन्टेन्डोच्या स्विच 2 चं जपानमधलं 49,980 येनचं मॉडेल म्हणूनच फक्त जपानी भाषेत चालणारं आलं. सगळ्या भाषांचं हवं असेल तर तेव्हा 69,980 येन पडत.