शोधनिबंध शिकवायचा तर आधी वावरात चला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी.च्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रकल्पाच्या निमित्तानं मुलांच्या हाती पहिल्यांदा शोधनिबंध येतो. सुरुवातीला मी फळ्यावर ओळीनं लिहून द्यायची: गोषवारा, प्रस्तावना, साहित्य व पद्धती, परिणाम, चर्चा, संदर्भ. मुलं व्याख्या पाठ करायची, परीक्षेत बरोबर लिहायची. पण खरा निबंध समोर ठेवून "यांनी नेमकं केलं काय?" असं विचारलं की वर्ग गप्प. नव्यानं शिकवायला लागलेल्यांची अशी वाया जाणारी वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

आता मी निबंध निवडते तो कपाशीचा. 2017 च्या हंगामातली गुलाबी बोंडअळी इथं कुणी विसरलेलं नाही; कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा) म्हणजे काय हे मुलंच मला सांगतात. आणि वाचायला सुरुवात करतो ती पद्धतीच्या भागापासून.

खताच्या प्रयोगाचा एक निबंध वाचताना 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, तीन पुनरावृत्ती' असं आलं. मी समजावू लागले, तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या वावरात तं या धुऱ्याकडची पऱ्हाटी येगळी अन् त्या धुऱ्याकडची येगळी. मंग एकाच जागी खत टाकून पाहिलं, तं खताचा गुण कोणता अन् जमिनीचा कोणता, हे कसं समजन?"

(धुरा म्हणजे बांध, पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) पुनरावृत्ती असते ती नेमकी याचसाठी. साधारण सारख्या जमिनीचा एक पट्टा म्हणजे ब्लॉक, आणि असा प्रत्येक ब्लॉक म्हणजे एक पुनरावृत्ती. प्रत्येक पट्ट्यात सगळी खतं, आणि कुठला वाफा कुणाला हे चिठ्ठी टाकून. तिच्या प्रश्नानंतर व्याख्येची गरजच उरली नाही.

मग तक्ता. मुलं सगळ्यात मोठा आकडा शोधतात आणि 'हे खत चांगलं' म्हणून मोकळी होतात. तिथं त्यांना थांबवा. शेतीच्या निबंधांत तक्त्याच्या तळाशी सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे फरक खरा मानायला तो निदान किती हवा तो आकडा) दिलेला असतो. समजा, दोन खतांच्या उत्पन्नात हेक्टरी 80 किलोंचा फरक आहे आणि सी.डी. 150 आहे, तर हा फरक खतामुळेच पडला असं म्हणता येत नाही.

परिणाम आणि चर्चा यांत मुलांचा फार गोंधळ होतो. मी क्रियापदांखाली रेघ ओढायला लावते. 'आढळले', 'मोजले' ही मोजमापं. 'असावे', 'शक्यता आहे' हे लेखकाचं मत. इंग्रजी निबंधात 'मे', 'सजेस्ट' शोधायचे. इंग्रजीची भीती असतेच, म्हणून चर्चा वऱ्हाडीत होऊ द्या. त्यानं विषय अजिबात हलका होत नाही.

गोषवारा शेवटी. तो झाकून ठेवायचा, मुलांनी पाच ओळींत स्वतःचा लिहायचा, मग ताडून पाहायचा. संदर्भांतला एखादा तरी मूळ निबंध शोधायला लावा. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध फुकट मिळतात आणि त्यांत पद्धती सविस्तर असते. गोषवारा, पद्धती, परिणाम ही शीर्षकं सगळीकडे असतीलच असंही नाही: वॉटसन-क्रिक यांचा डीएनएवरचा 1953 चा निबंध जेमतेम पानभराचा आहे, त्यात असे भाग पाडलेलेच नाहीत.

यंदा एका मुलानं भरघोस उत्पन्नाचा गोषवारा वाचला आणि काही न बोलता पद्धतीचं पान उलटलं. तिथं ठिबक सिंचन होतं. त्याच्या घरची शेती कोरडवाहू. त्यानं वहीत लिहिलं, 'आमच्याकडे हे पुन्हा करून पाहावं लागेल.'