दारू सोडायचीय? जवळची ए.ए. मीटिंग अशी शोधा

दारू सोडायची तळमळ बहुतेकांना सकाळी लागते आणि मीटिंग असते संध्याकाळी. मधल्या वेळात तळमळ विरून जाते, पाय नेहमीच्या वाटेला लागतात. म्हणून शोधाशोध सकाळीच उरका, मन तयार असतानाच.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच ए.ए., ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची संघटना. १९३५ साली अमेरिकेत ती दोन दारुड्यांनी सुरू केली, त्यातला एक शेअर दलाल आणि दुसरा चक्क सर्जन. सभासद व्हायला एकच अट आहे : दारू सोडायची इच्छा. फी नाही आणि पूर्ण नावही कुणी विचारत नाही.

आधी तब्येत बघा

रोज पीत असाल, सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नसतील किंवा पूर्वी सोडताना कधी फिट आली असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, भास होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा किंवा ओळखीच्या डॉक्टरांना रोजचं प्रमाण खरं खरं सांगा. मीटिंग त्यासाठी लांबवायची गरज नाही. दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.

फोनवर नेमकं काय विचारायचं

मोबाइलवर ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ आणि आपल्या शहराचं नाव टाकून शोधा. ए.ए.च्या हेल्पलाइनवर सहसा सभासदच बोलतात. पलीकडचा माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो, त्यामुळे लाज वाटली तरी चालेल, फोन ठेवू नका. तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत नशामुक्ती हेल्पलाइन आहे. जीव फारच घाबरा होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा.

फोन लागला की फक्त पत्ता घेऊन थांबू नका. मीटिंग बऱ्याचदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या एखाद्या खोलीत भरते आणि बाहेर मोठी पाटी असेलच असं नाही. कुठल्या गेटने आत यायचं, कितव्या मजल्यावर, हे विचारा. अंधारात आवारात दोन चकरा मारून परत गेलेली माणसं कमी नाहीत. मीटिंग मराठीत चालते की हिंदी-इंग्रजीत, तेही विचारा. मुंबईत आणि गोव्यात हे हमखास विचारावं. ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला घरचं माणूस सोबत चालतं, क्लोज्ड फक्त स्वतःचा दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत अवघडल्यासारखं होत असेल, तर महिलांची वेगळी मीटिंग आहे का, हे बिनधास्त विचारा.

आणि शेवटचा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात कामाचा : ‘मला गेटवर घ्यायला कुणी येईल का?’ बहुतेक वेळा कुणी ना कुणी येतं.

यादीतली वेळ त्या दिवशी पुन्हा पडताळा. सुट्ट्यांत शाळा बंद असली की जागा बदलते.

गावात मीटिंग नसेल तर तालुक्याची, जिल्ह्याची चौकशी करा. व्यसनमुक्ती केंद्रात उपचार झाले असतील तर तिथल्या फॉलोअप मीटिंगचा दिवस विचारून घ्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ सालचं. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलेल्या या केंद्रात उपचारानंतरच्या पाठपुराव्याला फार महत्त्व आहे. दुबईत, लंडनमध्ये एकटे राहत असाल तर ऑनलाइन मीटिंगही असतात.

आत गेल्यावर

बाक, टेबल, बहुधा चहा. एकेक जण उठून ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ म्हणत आपला अनुभव सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ले देत नाही. तुमची पाळी आली आणि बोलवत नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरे. वर्गणीची पिशवी फिरते, तीत नवीन माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रार्थना होते, देवाचा उल्लेखही येतो, पण ए.ए. कुठल्या धर्माशी बांधलेली नाही. एवढ्यावरून उठून जाऊ नका.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. एखाद्या ठिकाणी सगळे वयाने मोठे असतात, दुसरीकडे तुमच्यासारखाच रिक्षावाला किंवा बँकेतला माणूस भेटतो. चार-पाच ठिकाणी बसून बघा. निघताना दोघातिघांचे नंबर घ्या, कारण तल्लफ मीटिंगची वेळ बघून येत नाही. मध्येच पुन्हा प्यायलात तरी दुसऱ्या दिवशी जा. दार बंद होत नाही.

घरच्यांसाठी

घरातला पिणारा माणूस मीटिंगला येत नसेल तरी तुम्ही जाऊ शकता. अल्-अनॉन ही दारुड्यांच्या कुटुंबीयांची वेगळी मीटिंग आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. एक कळकळीची विनंती : चहातून, भाजीतून गुपचूप दारू सोडवायची पावडर देऊ नका. तिच्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. हे औषध डॉक्टरांनी तपासून, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. आधीच दिलं असेल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. शेवटच्या डोसनंतरही जवळजवळ दोन आठवडे त्याचा परिणाम राहू शकतो, तेव्हा त्यालाही हे कळलं पाहिजे.